फॉर्ममधला आकडा नेमका कुठे बदलतो?

वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये कोणी ‘१२५’ लिहून ‘सबमिट’चं बटण दाबलं, की ब्राउझर सर्व्हरकडे एकशे पंचवीस ही संख्या पाठवतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो तीन अक्षरं पाठवतो: एक, दोन आणि पाच. नाव असो, पत्ता असो, वय असो की कर्जाची रक्कम, फॉर्ममधून जातं ते सगळं अक्षरांच्या ओळी म्हणूनच. त्या ओळीची संख्या होते ती पलीकडे, सर्व्हरवर. ते काम करणाऱ्या छोट्याशा प्रोग्रामला कन्व्हर्टर म्हणतात.

हा कन्व्हर्टर बहुतेक वेळा वेबसाइट करणाऱ्या प्रोग्रामरने लिहिलेला नसतो. स्ट्रट्स, स्प्रिंग, जेएसएफ, विकेट, जँगो यांसारख्या वेब फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट उभारण्यासाठी मिळणाऱ्या तयार सांगाड्यात, तो आयता येतो. ‘रक्कम’ हा रकाना संख्येचा आहे एवढंच प्रोग्रामरने सांगायचं, पुढचं आपोआप होतं. सोय मोठी आहे यात शंका नाही. पण ती कुठल्या तरी देशातल्या, कुठल्या तरी एका पद्धतीने आकडे लिहिणाऱ्या माणसासाठी बेतलेली असते. वापरणारा माणूस वेगळ्या पद्धतीने लिहीत असेल तर ती चुकते, आणि पुष्कळदा काही न बोलता चुकते. म्हणून चांगल्या फ्रेमवर्कमध्ये डीफॉल्ट कन्व्हर्टर बाजूला सारून आपला बसवण्याची, म्हणजे ‘ओव्हरराइड’ करण्याची, वाट ठेवलेली असते. भारतीय, आणि त्यातही मराठी, वापरकर्त्यांसाठी वेबसाइट करायची तर ही वाट पहिल्याच आठवड्यात धरायला हवी.

जावा भाषेत मजकुराची संख्या करण्यासाठी ‘नंबरफॉरमॅट’ नावाची जुनी सोय आहे. जावावर उभ्या असलेल्या अनेक फ्रेमवर्कच्या पोटात तीच असते. तिची वाचायची रीत पाहण्यासारखी आहे. ती मजकूर डावीकडून वाचत जाते, अंक लागतील तोवर घेत जाते आणि पहिलं अनोळखी अक्षर आलं की थांबते. थांबल्यावर तक्रार मात्र करत नाही. ‘१२अबक’ असं दिलं तर ती खुशाल १२ हे उत्तर देते. पुढे काय उरलं होतं हे कोणी मुद्दाम विचारलं तरच कळतं.

कॉमाच्या बाबतीत तर ती आणखी उदार. अमेरिकी पद्धत लावलेली असेल तर कॉमा म्हणजे हजार वेगळे दाखवायची खूण, त्याला किंमत नाही. मग तो कुठे पडला आहे हे न बघता ती तो गाळून टाकते. ‘१,५’ चे होतात पंधरा. जर्मनीत मात्र ‘१,५’ म्हणजे दीड. जर्मन माणसाने अमेरिकी पद्धतीच्या सर्व्हरला दीड किलो सांगितलं, तर नोंद पंधरा किलोची होते. उलट बाजूही तितकीच खरी: सर्व्हर जर्मन पद्धतीचा असेल आणि अमेरिकी माणसाने ‘१.५’ लिहिलं, तरी पंधराच. पडद्यावर कुठेही लाल अक्षरं दिसत नाहीत.

यात कोण बरोबर आणि कोण चूक, असा प्रश्नच नाही. जर्मनीत बाराशे चौतीस पूर्णांक पन्नास शतांश हा आकडा ‘१.२३४,५०’ असा लिहितात. फ्रान्समध्ये हजाराच्या जागी मोकळी जागा सोडतात. स्वित्झर्लंडमध्ये वरचा स्वल्पविराम टाकतात. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली ठरावच केला, की दशांशचिन्ह म्हणून टिंब किंवा कॉमा, दोन्ही चालतील; आणि तीन-तीन अंकांच्या गटांमध्ये फक्त मोकळी जागा सोडावी, टिंब किंवा कॉमा टाकू नये. शास्त्रीय लेखनात तो ठराव पाळला जातो. बाजारात आणि बँकेत जो तो आपल्या पद्धतीने लिहितो.

त्यामुळे फ्रेमवर्क करणाऱ्यांना अंदाज बांधावा लागतो. पायथन भाषेतल्या जँगोमध्ये अशा अंदाजाचा एक बोलका नमुना आहे. हजारासाठी टिंब वापरणारी पद्धत लावलेली असताना कोणी एकच टिंब असलेला आकडा दिला, तर जँगो टिंबानंतरचे अंक मोजतो. ते तीन नसतील तर हे टिंब बहुधा दशांशाचं असावं, असं तो धरतो. म्हणजे ‘१.५०’ म्हणजे दीड, पण ‘१.५००’ म्हणजे पंधराशे. दुकानाच्या किमतींसाठी हा अंदाज बरा आहे. पण प्रयोगशाळेत वजनं तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिणाऱ्याने याच फॉर्ममध्ये दीड ग्रॅम लिहिले, तर नोंद दीड हजारांची होईल.

फ्रेंच मोकळ्या जागेची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ती साधी स्पेस नसते, ओळ तिथे तुटू नये म्हणून ठेवलेली वेगळी, न तुटणारी स्पेस असते. कीबोर्डवरचा लांब पट्टा दाबून माणूस टाकतो ती साधी स्पेस. त्यामुळे ‘१ २३४’ लिहिलं की जावाची सोय एकावर थांबायची, बाराशे चौतीसचा एक व्हायचा. विकेट या फ्रेमवर्कच्या डीफॉल्ट कन्व्हर्टरमध्ये साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस घालण्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागली ती याचमुळे. पुढे जावाच्या १३व्या आवृत्तीत फ्रेंचसाठी आणखी अरुंद, तिसऱ्याच प्रकारची स्पेस आली आणि आधीच्या स्पेसवर विसंबलेले प्रोग्राम पुन्हा अडखळले. डोळ्याला तिन्ही सारख्याच दिसतात.

रिकाम्या रकान्याचं काय करायचं, हा प्रश्न सगळ्यांत जास्त नुकसान करणारा आहे. एखाद्याने ‘वार्षिक उत्पन्न’ हा रकाना मोकळा सोडला, याचा अर्थ त्याने माहिती दिली नाही. उत्पन्न शून्य आहे, हा अर्थ वेगळा. स्ट्रट्सच्या पहिल्या पिढीत डीफॉल्ट कन्व्हर्टर रिकाम्या रकान्याचं सरळ शून्य करत असे. हे नको असेल तर ‘कन्व्हर्टनल’ नावाचं एक सेटिंग चालू करावं लागे, आणि ते आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच त्याचा उपयोग. जेएसएफ वापरणाऱ्यांना टॉमकॅट सर्व्हरवर हाच अनुभव आला. तिथे रिकाम्याचं शून्य कन्व्हर्टर करत नव्हता, त्याच्याही पुढच्या पायरीवरची एक्स्प्रेशन लँग्वेज, म्हणजे पानावरचा रकाना आणि प्रोग्राममधली माहिती यांना जोडणारी छोटी भाषा, करत होती. ते थांबवायला सर्व्हर सुरू करतानाच वेगळी सूचना द्यावी लागे. २०१३ साली त्या भाषेची ३.० ही आवृत्ती आली, तेव्हा हा नियम बदलला. दवाखान्याच्या फॉर्ममध्ये न मोजलेली साखर आणि शून्य साखर एकाच आकड्याने नोंदली जाणं किती घातक आहे, हे कोणत्याही परिचारिकेला विचारावं.

आता भारताकडे. आपण तीन अंकांनंतर दोन-दोन अंकांवर कॉमा देतो: १,२५,०००. जावाच्या मूळ सोयीला कॉमांमधलं एकच अंतर ठाऊक आहे, त्यामुळे ती दाखवताना सव्वा लाख ‘१२५,०००’ असे दाखवते. वाचताना कॉमा गाळत असल्याने ‘१,२५,०००’ तिला चालतं. इथवर ठीक. पण कोणी घाईत ‘१,२५,००’ लिहिलं तर? माणसाच्या लगेच लक्षात येतं की एक शून्य राहिलं. शेवटच्या कॉमानंतर तीन अंक हवेत, दोनच आहेत. डीफॉल्ट कन्व्हर्टर कॉमा फेकून देतो आणि साडेबारा हजारांची नोंद करून मोकळा होतो. चूक पकडून देणारा एकच पुरावा त्या मजकुरात होता, तो त्याने वाचण्याआधीच नष्ट केला. भारतीय रकमांसाठी स्वतःचा कन्व्हर्टर लिहिण्याला हे एकच कारण पुरेसं आहे.

जावाच्या २३व्या आवृत्तीत काटेकोर वाचनाची सोय आली. तिथे कॉमाची जागा तपासली जाते, पण तीन-तीनच्याच हिशेबाने. त्या हिशेबात ‘१,२५,०००’ बसत नाही. म्हणजे ढिला कन्व्हर्टर चुकीचं स्वीकारतो आणि काटेकोर कन्व्हर्टर बरोबर असलेलं नाकारतो. लाख-कोटींची मांडणी जाणणारी आयसीयू ही वेगळी लायब्ररी उपलब्ध आहे, ती जोडून घ्यावी लागते.

देवनागरी अंकांची कथा तर खास मराठी आहे. जगातल्या भाषांच्या आकडे आणि तारखा लिहिण्याच्या पद्धतींची नोंद ‘सीएलडीआर’ या युनिकोडच्या संग्रहात ठेवली जाते. ब्राउझर तोच संग्रह वापरतात. त्यात हिंदीसाठी डीफॉल्ट अंक इंग्रजी वळणाचे आहेत, मराठीसाठी मात्र देवनागरी. त्यामुळे एखाद्या वेबसाइटची भाषा मराठी केली, की संख्या आपोआप देवनागरीत उमटू लागतात. वाचायला छान. पण तीच संख्या दुरुस्तीसाठी फॉर्मच्या रकान्यात ठेवली की अडचण सुरू होते. एचटीएमएलमध्ये ‘नंबर’ या प्रकारचा रकाना फक्त इंग्रजी अंक आणि टिंब ओळखतो, त्यात प्रोग्रामने देवनागरी अंक घातले तर तो कोराच दिसतो. जावास्क्रिप्टला देवनागरी ‘१२३’ची संख्या करायला सांगितली, तर ‘ही संख्या नाही’ असं उत्तर येतं. पायथन तीच संख्या विनातक्रार वाचतो. जावामध्ये तर घरातच दोन मतं: पूर्णांक वाचणारी सोय देवनागरी ‘१२’ स्वीकारते, पण दशांशाची ‘डबल’ वाचणारी सोय ‘१२.५’ नाकारते. एकाच फॉर्ममध्ये वय देवनागरीत चाललं आणि वजन चाललं नाही, असा अनुभव वापरकर्त्याला येतो, आणि त्याला वाटतं आपलंच काही चुकलं.

सातबाऱ्याचं उदाहरण याहून अवघड आहे. त्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं लिहिलेलं असतं, मध्ये दोन टिंबं देऊन: ०.४५.५०. म्हणजे शून्य हेक्टर, ४५ आर, ५० चौरस मीटर. शेतकऱ्याने समोरचा उतारा बघून हाच आकडा पीक कर्जाच्या एखाद्या फॉर्ममध्ये उतरवला, तर दुसऱ्या टिंबापाशी थांबणारा कन्व्हर्टर ०.४५ एवढंच घेईल. ५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५३८ चौरस फूट जमीन, नोंदीतून गेली. एकदम सगळा आकडा चुकला असता तर कोणाच्या तरी डोळ्यांत भरला असता. एवढा फरक कोणाला दिसणार? या रकान्यासाठी संख्येचा कन्व्हर्टर वापरूच नये. दोन टिंबांची रीत जाणणारा, आर आणि चौरस मीटर ९९ च्या वर गेले तर थांबवणारा आणि सगळ्याचे चौरस मीटर करून ठेवणारा, असा क्षेत्राचा वेगळा कन्व्हर्टर लिहावा.

तो बसवायचा कसा, हे विकेटमध्ये सर्वांत स्वच्छ दिसतं. जोनाथन लॉक यांनी २००४ साली सुरू केलेलं हे फ्रेमवर्क २००७ मध्ये अपाची या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेचा स्वतंत्र प्रकल्प झालं. त्यात ‘कन्व्हर्टरलोकेटर’ नावाची एक यादी असते: कोणत्या प्रकारच्या माहितीसाठी कोणता कन्व्हर्टर. ॲप्लिकेशन सुरू होताना ही यादी एकदाच तयार होते. ती तयार करणारी पद्धत प्रोग्रामरने आपल्या हातात घ्यायची, मूळ यादी जशीच्या तशी मागून घ्यायची, आणि तिच्यातल्या पैशांच्या प्रकारासमोर आपला कन्व्हर्टर लिहायचा. पाच-सहा ओळींचं काम. त्यानंतर ॲप्लिकेशनमधल्या प्रत्येक पानावरच्या त्या प्रकारच्या रकान्याला नवा नियम लागू होतो. एखाद्याच रकान्याला वेगळी वागणूक हवी असेल तर तेवढ्या रकान्यापुरताही बदल करता येतो.

बाकीच्यांच्या रीती वेगळ्या, मतलब तोच. स्प्रिंगमध्ये संख्येचा एडिटर, म्हणजे तिथला कन्व्हर्टर, नोंदवताना रिकामं चालेल का, याचं उत्तर तिथेच द्यावं लागतं, ही त्याची चांगली बाजू. जेएसएफमध्ये कन्व्हर्टरच्या माथ्यावरच तो कोणत्या प्रकारासाठी आहे ते लिहितात. स्ट्रट्स २ मध्ये एका साध्या फाइलीत एक ओळ घालतात.

नव्या कन्व्हर्टरच्या आत काय असावं? आधी दोन्ही टोकांच्या स्पेस काढायच्या, सगळ्या प्रकारच्या. मग ‘रु.’, ‘₹’ आणि रकमेच्या शेवटी टाकायची ‘/-’ ही खूण काढायची, कारण चेक लिहायची सवय असलेला माणूस ती टाकणारच. मग देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करायचे. युनिकोडमध्ये देवनागरीचे शून्य ते नऊ सलग दहा जागांवर आहेत, त्यामुळे हे एका वजाबाकीचं काम आहे. जगातल्या सगळ्या लिप्यांचे अंक मात्र सरसकट स्वीकारू नयेत. बंगाली लिपीतला चार हुबेहूब इंग्रजी आठसारखा दिसतो. पडद्यावर आठ दिसेल आणि हिशेबात चार धरले जातील. त्यानंतर कॉमा तपासायचे. भारतीय मांडणी असेल तर घ्या, तीन-तीनची असेल तर घ्या, कॉमाच नसतील तरी घ्या, यांपैकी काहीच नसेल तर परत पाठवा. शेवटी मजकुराचं शेवटचं अक्षर वाचून झालं आहे ना, हे पाहायचं. रक्कम ‘डबल’ प्रकारात ठेवू नये, कारण त्या प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. पैशांसाठी जावामध्ये ‘बिगडेसिमल’ आहे, तो वापरावा.

परत पाठवताना काय सांगायचं, हेही कन्व्हर्टरबरोबरच ठरवावं. ‘अवैध इनपुट’ एवढं लिहून माणसाला काही कळत नाही. ‘तुम्ही १,२५,०० लिहिलं आहे. १२,५०० की १,२५,०००?’ असं विचारलं तर तो दोन सेकंदांत दुरुस्त करतो. त्याने लिहिलेला मजकूर रकान्यात तसाच ठेवावा, पुसू नये.

कन्व्हर्टरला उलटं कामही असतं: संख्या पुन्हा अक्षरांत दाखवणं. जावाच्या जगात पानं तयार करायला वापरतात त्या फ्रीमार्करमध्ये संख्या डीफॉल्टने कॉमा घालून छापली जात असे. वस्तूचा क्रमांक लिंकमध्ये घातला, की ९९९व्या वस्तूपर्यंत सगळं सुरळीत चालायचं. हजारावी वस्तू आली की लिंकमध्ये ‘१,०००’ उमटायचं आणि पान सापडायचं नाही. चाचणी करताना हजार वस्तू कोण भरतो? त्यामुळे ही चूक गिऱ्हाइकासमोरच उघडी पडायची. संख्येपुढे एक ‘सी’ जोडला, की ती यंत्रासाठी, बिनकॉमाची छापली जाते.

लिंकमधला क्रमांक ही मुळात संख्याच नव्हे. अंकांत लिहिलेल्या पुष्कळ गोष्टी संख्या नसतात, आणि त्यांना संख्येचा कन्व्हर्टर लावणं हीच पहिली चूक असते. भारताची पिन कोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी. त्या सहा अंकांत प्रत्येक जागेला अर्थ आहे, पण दोन पिन कोडची बेरीज कोणी करत नाही. आपले पिन कोड शून्याने सुरू होत नाहीत म्हणून निभावतं. बॉस्टनचा ०२१०८ संख्या म्हणून साठवला की २१०८ उरतो. बँक खात्याच्या क्रमांकाचं सुरुवातीचं शून्यही असंच जातं. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९२ या सोळा अंकी आकड्याच्या पुढे प्रत्येक पूर्णांक नेमका ठेवता येत नाही. ट्विटरने २०१० मध्ये ट्वीटचे क्रमांक लांबवले तेव्हा प्रत्येक क्रमांक संख्येबरोबर अक्षरांच्या रूपातही द्यायला सुरुवात केली, ती त्यामुळेच.

डीफॉल्ट बदलता येत नसेल तर काय होतं, ते जीवशास्त्रात दिसलं. ‘सेप्ट२’, ‘मार्च१’ अशी काही मानवी जनुकांची नावं होती. एक्सेल ती वाचून त्यांच्या तारखा करून टाकत असे. २०१६ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’त आलेल्या पाहणीनुसार, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका होत्या. २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली ती २०२३ मध्ये. वेब फ्रेमवर्क वापरणाऱ्याला एवढं थांबावं लागत नाही, त्याच्याकडे ओव्हरराइडची वाट पहिल्या दिवसापासून असते.

जुन्या, चालू वेबसाइटवर कन्व्हर्टर बदलायचा तर काम वाढतं. तेव्हा काही महिने माणसाने टाइप केलेला मूळ मजकूर संख्येशेजारी वेगळ्या रकान्यात साठवावा. नवा नियम कुठे कमी पडतो ते त्यावरून समजतं आणि झालेली चूक मागे जाऊन दुरुस्त करता येते. आधीच्या नोंदींना मात्र हा आधार नसतो. डेटाबेसमधल्या उत्पन्नाच्या रकान्यात शून्य दिसत असेल, तर ते कोणी लिहिलं होतं की कन्व्हर्टरने घातलं होतं, हे त्या शून्याकडे बघून कळत नाही. तिथे मूळ कागदी अर्ज बाहेर काढून एकेक नोंद ताडून पाहावी लागते, आणि अर्ज ऑनलाइनच भरलेले असतील तर अर्जदारांना पुन्हा विचारावं लागतं.